आयर्न पेंटाकार्बोनिल: आयआरमध्ये दोन पट्टे, एनएमआरमध्ये एकच रेघ आणि बाटलीच्या तळाशी सोनेरी गाळ

प्रश्न थोडक्यात असा आहे. एम.एस्सी.च्या प्रकल्पात आयर्न पेंटाकार्बोनिल, म्हणजे एका लोहाला पाच सीओ (कार्बन मोनॉक्साइड) जोडलेलं द्रव संयुग, वापरायचं आहे आणि त्यावर अमाइन लिगंड (धातूला जोडला जाणारा रेणू) बसवायचा आहे. पुस्तकात त्याचा आकार त्रिकोणी द्विपिरॅमिड दिला आहे, म्हणजे अक्षावर वर-खाली दोन सीओ आणि मधल्या पातळीत तीन. दोन प्रकारचे सीओ असतील तर कार्बन-१३ एनएमआरमध्ये (चुंबकीय क्षेत्रात वेगवेगळ्या जागचे कार्बन वेगळे दाखवणारी मोजणी) दोन रेघा यायला हव्यात. पण एकच आली, आणि नमुना उणे ८० अंशांपर्यंत थंड करूनही एकच राहिली. आयआरमध्ये (अवरक्त प्रकाशाने बंधांची कंपनं मोजणारी पद्धत) मात्र दोन पट्टे स्वच्छ दिसतात. मग पुस्तक चुकलं की नमुना बिघडला? शिवाय बाटलीच्या तळाशी सोनेरी-पिवळे कण बसले आहेत, ते गाळून द्रव वापरावा का? आणि शेवटी, या रेणूचा अभ्यास आता जुनाट झाला आहे का?

दुसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आधी देतो, कारण ते थांबू शकत नाही: आज काही गाळू नका. बाटली बंदच ठेवा, अंधारात ठेवा आणि पुढचं वाचून झाल्यावरच हात लावा.

आता पहिला प्रश्न. पुस्तक बरोबर आहे आणि तुमचा नमुनाही ठीक दिसतो. हा रेणू जागच्या जागी इतक्या वेगाने आकार बदलतो की एनएमआरला फक्त सरासरी दिसते. आयआर त्याच रेणूकडे फार कमी वेळात पाहतो, म्हणून त्याला खरा आकार दिसतो. हे पटायला आधी लोह आणि सीओ यांच्यातला बंध समजून घ्यावा लागतो. नाहीतर "फ्लक्शनल" (असा सतत आकार बदलणारा) हा शब्द पाठ होतो आणि तोंडी परीक्षेत पुढच्याच प्रश्नाला गाडी अडते.

लोह इथे शून्य ऑक्सिडेशन अवस्थेत आहे. त्याचे आठ संयुजा इलेक्ट्रॉन आणि पाच सीओंचे प्रत्येकी दोन मिळून अठरा होतात, म्हणजे अशा धातूसंयुगांना स्थैर्य देणारी संख्या. हिशोब जुळतो, पण तेवढ्याने सीओ लोहाला का धरून राहतो ते कळत नाही. साधा आम्लारी म्हणून सीओ अगदीच दुबळा आहे. प्रोटॉनलाही तो धड पकडत नाही. त्याची खरी ताकद दुहेरी व्यवहारात आहे. कार्बनच्या टोकावरची इलेक्ट्रॉनची जोडी तो धातूला देतो आणि धातूच्या भरलेल्या डी-ऑर्बिटलमधली इलेक्ट्रॉन घनता आपल्या रिकाम्या पाय-प्रतिबंधी ऑर्बिटलमध्ये घेतो. एक देणं वाढलं की दुसरंही वाढतं. म्हणूनच कमी ऑक्सिडेशन अवस्थेतले, इलेक्ट्रॉनने भरलेले धातू सीओला आवडतात.

या उलट देण्याची किंमत सीओच्या आतला बंध मोजतो. प्रतिबंधी ऑर्बिटलमध्ये इलेक्ट्रॉन आले की कार्बन-ऑक्सिजन बंध सैल होतो आणि त्याच्या कंपनाची वारंवारता खाली येते. मोकळ्या सीओचा पट्टा २१४३ सेमी⁻¹ला असतो. आता एकाच इलेक्ट्रॉनसंख्येची ही रांग पाहा: निकेल टेट्राकार्बोनिल सुमारे २०६०, कोबाल्टचा एकपट ऋणभारी टेट्राकार्बोनिल सुमारे १८९०, लोहाचा दुप्पट ऋणभारी टेट्राकार्बोनिल सुमारे १७९०. आकार तोच चतुष्फलकी, लिगंड तेच, फक्त धातूवर ऋणभार वाढत गेला आणि पट्टा दर पायरीला शंभर ते एकशे सत्तरने घसरला. कार्बोनिलवर काम करणारा माणूस दिवसभर आयआर का काढत असतो, ते या तीन आकड्यांत आहे. धातूवर किती इलेक्ट्रॉन आहेत हे सीओ स्वतःच सांगतो.

तुमच्या संयुगात हेक्झेनमध्ये दोन पट्टे येतात, साधारण २०२२ आणि २००० सेमी⁻¹ला. वरचा पट्टा अक्षावरच्या दोन सीओंचा, एक ताणला की दुसरा आखडणारा. खालचा जास्त जोरकस पट्टा मधल्या तिघांचा. आकार चौकोनी पिरॅमिड असता तर सममितीच्या नियमाने आयआरमध्ये तीन पट्टे अपेक्षित होते. दोनच आलेत, म्हणजे त्रिकोणी द्विपिरॅमिडला आधार मिळतो. क्ष-किरणांनीही स्फटिकात तोच आकार दिसला आहे. दोन्ही प्रकारचे लोह-कार्बन बंध १.८ अँगस्ट्रॉमच्या आसपास, जवळजवळ सारख्याच लांबीचे आहेत.

हे "जवळजवळ सारखे" लक्षात ठेवा. दोन्ही जागांमध्ये ऊर्जेचा मोठा फरक नाही आणि एका जागेवरून दुसरीवर जायला वाटही सोपी आहे. ती वाट स्टीफन बेरी यांनी १९६० मध्ये फॉस्फरस पेंटाफ्लुओराइडसारख्या रेणूंसाठी मांडली. मधल्या तिघांपैकी एक सीओ स्थिर राहतो. अक्षावरचे दोघे एकमेकांकडे झुकतात, मधले उरलेले दोघे एकमेकांपासून दूर उघडत जातात. अर्ध्या वाटेवर चौकोनी पिरॅमिड तयार होतो, स्थिर सीओ त्याच्या शिखरावर. तीच हालचाल पुढे चालू राहिली की पुन्हा त्रिकोणी द्विपिरॅमिड, फक्त आता अक्षावर वेगळे दोघे असतात. एकही बंध तुटत नाही. घरातल्या घरात खोल्या बदलाव्यात तसा हा प्रकार आहे, कोणी उंबरठा ओलांडत नाही.

बंध तुटत नाही हे आपण गृहीत धरलेलं नाही, त्याला पुरावा आहे. लोहाचा ५७ वस्तुमानांकाचा समस्थानिक निसर्गात सुमारे २ टक्के असतो आणि त्याला चुंबकीय गिरकी असते. चांगल्या एनएमआर नोंदीत मुख्य रेघेच्या दोन्ही बाजूंना त्याच्यामुळे पडलेल्या लहान रेघा दिसतात, जोडणी सुमारे २३ हर्ट्‌झची. सीओ लोहाला सोडून पुन्हा पुन्हा जोडला जात असता तर ही जोडणी पुसून गेली असती.

आता एक छोटं गणित करू, कारण तुमच्या प्रश्नाचा जीव त्यातच आहे. घन अवस्थेत ही हालचाल स्फटिकाच्या बांधणीमुळे मंदावते आणि तिथे दोन्ही कार्बन वेगवेगळे दिसतात, अक्षावरचे सुमारे २१६ आणि मधले सुमारे २०८ पीपीएमला (एनएमआरमध्ये रेघेची जागा सांगायचं एकक). आता सरासरी काढा: दोन गुणिले २१६ अधिक तीन गुणिले २०८, भागिले पाच. उत्तर २११ येतं. द्रावणात तुम्हाला मिळालेली एकुलती एक रेघही तिथेच, २११च्या आसपास असणार. माझ्या मते तुमच्या प्रबंधात घालण्यासारखा सगळ्यात सुंदर पुरावा हाच आहे.

फरक ८ पीपीएमचा. तुमचं यंत्र ४०० मेगाहर्ट्‌झचं असेल तर कार्बनसाठी (त्याची वारंवारता तिथे सुमारे १०० मेगाहर्ट्‌झ) हा फरक सुमारे ८०० हर्ट्‌झ होतो. दोन रेघा विलीन व्हायला अदलाबदलीचा वेग याच्या सव्वादोन पट लागतो, म्हणजे सेकंदाला जेमतेम १८००. आणि या रेणूचा खरा वेग? या हालचालीचा ऊर्जा-अडथळा मोलमागे फक्त ७ किलोजूलच्या घरात आहे. एवढ्या बुटक्या अडथळ्यावर आयरिंगच्या सूत्राने (अडथळ्यावरून वेग काढणारं सूत्र) खोलीच्या तापमानाला सेकंदाला १०¹¹च्या घरात अदलाबदली येतात. उणे १७३ अंशांना, म्हणजे १०० केल्विनला, वेग कमी होऊन तरीही सेकंदाला चाळीस-पन्नास कोटी राहतो. १८००च्या खाली यायला ४० केल्विनच्या आसपास जावं लागेल. तिथे कुठलंच नेहमीचं द्रावक द्रव राहत नाही. लोकांनी उणे १७० अंशांपर्यंत जाऊन पाहिलं आहे आणि रेघ एकच आली. तेव्हा उणे ८०ला दोन रेघा दिसल्या नाहीत यात तुमच्या हाताचा किंवा यंत्राचा काही दोष नाही.

आयआरकडे हेच गणित लावलं तर? दोन पट्ट्यांमधलं अंतर २२ सेमी⁻¹, म्हणजे जवळपास ६.६ गुणिले १०¹¹ हर्ट्‌झ. रेणूची हालचाल त्याच्याहून मंद आहे, म्हणून पट्टे वेगळे राहतात. पण फार मंद नाही, हेही पाहा. आयआर तात्काळ फोटो काढतो असं जे सरसकट शिकवलं जातं ते इथे जेमतेम लागू पडतं. कॅलिफोर्नियात बर्कली इथल्या गटाने २००८ मध्ये द्विमितीय आयआर वापरून हीच अदलाबदल थेट पाहिली. एका पट्ट्यात घातलेली ऊर्जा काही पिकोसेकंदांत दुसऱ्या पट्ट्याकडे जाते, कारण अक्षावरचा सीओ तेवढ्या वेळात मधल्या पातळीत आलेला असतो. बेरींच्या वाटेला द्रवात मिळालेला यापेक्षा थेट पुरावा मला माहीत नाही.

इथे एक गोष्ट विद्यार्थ्यांच्या हटकून गफलतीची. सीओ जागा बदलतो म्हणजे तो सहज निघतोही, असं नाही. पहिला लोह-सीओ बंध तोडायला मोलमागे सुमारे १७४ किलोजूल लागतात. अंधारात, खोलीच्या तापमानाला हा रेणू सीओ सोडायला फार नाखूश असतो. म्हणून नुसतं लिगंड घालून ढवळत बसलात तर संध्याकाळी आयआरमध्ये तेच दोन पट्टे दिसतील. सीओ काढायचा तर उष्णता द्या, प्रकाश द्या, नाहीतर ट्रायमिथाइलअमाइन एन-ऑक्साइडसारखं काही वापरा, जे एका सीओला ऑक्सिजन देऊन कार्बन डायऑक्साइडच्या रूपात बाहेर काढतं. शेवटची पद्धत मला सौम्य कामांसाठी सगळ्यात आवडते.

प्रकाशावरून आपण तुमच्या बाटलीकडे येतो. प्रकाशाने एक सीओ सुटला की उरतो चार सीओंचा तुकडा, कमालीचा भुकेला. तो शेजारच्या न फुटलेल्या रेणूला जोडला जातो आणि डायआयर्न नोनाकार्बोनिल बनतं. ड्युअर आणि जोन्स यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ते अभ्यासलं. दोन लोहांमध्ये तीन सीओ पुलासारखे, प्रत्येक लोहावर आणखी तीन टोकाचे. रंग सोनेरी, अभ्रकासारख्या चमकत्या पातळ पापुद्र्यांचे स्फटिक, आणि कुठल्याच नेहमीच्या द्रावकात धड विरघळत नाही. तुमच्या बाटलीच्या तळाशी तेच बसलं असणार. बाटली उजेडात राहिली, एवढाच त्याचा अर्थ. किंबहुना हे संयुग मुद्दाम असंच बनवतात: पेंटाकार्बोनिल ग्लेशियल ॲसेटिक आम्लात घेऊन त्यावर प्रकाश टाकायचा. गाळाची झाक गंजासारखी तपकिरी असेल तर ते हवेतल्या ऑक्सिडीकरणाने झालेलं लोहाचं ऑक्साइड आहे. सोनेरी आणि तपकिरी दोन्ही मिसळलेलं असणं हेच जास्त संभवतं.

गाळू नका म्हटलं त्याची कारणं आता सांगतो. सोनेरी कण बनताना दर दोन रेणूंमागे एक सीओ सुटलेला असतो आणि बंद बाटलीत तो साठतो. तेव्हा झाकण उघडण्याआधी बाटली बर्फात नीट थंड करा आणि फ्यूम हूडमध्येच (विषारी वाफा बाहेर ओढून नेणारं कपाट), झाकण हळूहळू सैल करत उघडा. दुसरं, द्रवाचा उत्कलनबिंदू १०३ अंश असला तरी खोलीच्या तापमानाला त्याचा बाष्पदाब पाऱ्याच्या ३० मिलिमीटरच्या आसपास असतो. म्हणजे उघड्या भांड्यावरच्या हवेत त्याचं प्रमाण ४ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतं, आणि कामाच्या जागी मान्य मर्यादा आहे ०.१ पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ०.१ भाग. हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. ज्वलनांक (वाफ ठिणगीने पेटू शकते ते किमान तापमान) उणे १५ अंश, वाफ हवेपेक्षा सहापटीहून जड, ओट्यावरून सरपटत हीटरपर्यंत पोचणारी. तिसरं, गाळणकागदावर उरलेला गाळ सुकला की त्यात बारीक लोह असेल तर तो हवेत आपोआप पेट घेऊ शकतो. उघड्या फनेलमधून हे गाळणं म्हणजे तिन्ही धोके एकाच वेळी ओढवून घेणं.

योग्य रीत अशी: निर्वातात, प्रकाश टाळून, द्रव वाफेच्या रूपात थंड ग्राहक-फ्लास्कमध्ये वाहून न्यायचा. व्हॅक्यूम लाइनवर (निर्वातात काम करायची काचनळ्यांची जोडणी) हे सरळ काम आहे. गाळ मागे राहतो, वर येतो तो स्वच्छ फिक्कट पिवळा द्रव. फ्लास्कला ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळा, नायट्रोजन किंवा आर्गॉनखाली थंडीत ठेवा. विभागात व्हॅक्यूम लाइन नसेल तर हे संयुग तुमच्या विभागात वापरण्याजोगं नाही, असं मी स्पष्ट म्हणेन. मार्गदर्शकांशी बोलून प्रकल्प घन हेक्झाकार्बोनिलकडे वळवा, मॉलिब्डेनमचं किंवा टंगस्टनचं. तीही विषारी आहेतच, पण घन असल्याने सांभाळायला पुष्कळ सोपी. निकेल टेट्राकार्बोनिलचा विचारसुद्धा करू नका, ते ४३ अंशांना उकळतं आणि याहून कितीतरी विषारी आहे.

उरलेलं नष्ट करताना एक हिशोब डोळ्यांसमोर ठेवा. १ मिलिलिटर द्रव म्हणजे सुमारे दीड ग्रॅम. त्यातले सगळे सीओ सुटले तर जवळपास ०.९ लिटर कार्बन मोनॉक्साइड होतो. म्हणून विरळ द्रावण करून, ते आयोडीनच्या किंवा ब्रोमीनच्या द्रावणात थेंबाथेंबाने, चालू फ्यूम हूडमध्ये, वायू निघून जायला वाट ठेवून घाला. हे काम एकट्याने करू नये. आणि वास घेतला गेला, डोकं जड झालं, तर "आता बरं वाटतंय" म्हणून खोलीवर जाऊन झोपू नका. कार्बोनिलच्या वाफांचा फुफ्फुसांवरचा परिणाम बऱ्याचदा कित्येक तासांनी, दुसऱ्या दिवशीही उफाळतो. सरळ रुग्णालयात जा आणि डॉक्टरांना संयुगाचं नाव लिहून द्या.

कोणी बाटलीच न उघडताही आयर्न कार्बोनिल ओढवून घेऊ शकतं, हे फार थोड्यांना माहीत असतं. सीओचा जुना पोलादी सिलिंडर वापरत असाल तर त्यातल्या दाबाखाली वायू पोलादाशी हळूहळू संयोग पावून पेंटाकार्बोनिल बनवत असतो. तपासायला सोपं आहे: हूडमध्ये तो वायू तापवलेल्या काचनळीतून संथपणे जाऊ द्या. तापलेल्या भागात काचेच्या आत करडा-काळा पट्टा चढू लागला तर ते लोह आहे. पेंटाकार्बोनिल तापलं की लोह आणि सीओ वेगळे होतात, त्याचाच हा पट्टा. मिथेनॉल बनवणाऱ्या कारखान्यांना ही गोष्ट पक्की ठाऊक असते, कारण असं वाहत आलेलं लोह त्यांच्या तांब्याच्या उत्प्रेरकावर बसून त्याला निकामी करतं. उत्प्रेरकांवर काम करणाऱ्यांनी सीओ ॲल्युमिनियमच्या सिलिंडरमधून घ्यावा, किंवा मध्ये सक्रिय कोळशाचा थर ठेवावा. हाच विघटनाचा गुण जर्मनीत बीएएसएफने १९२०च्या दशकात कामाला लावला. त्यातून मिळणारी कार्बोनिल आयर्न पूड, गोल गोल बारीक कणांची, आजही चुंबकीय गाभ्यांसाठी वापरली जाते.

तुम्ही अमाइन लिगंड वापरणार असं लिहिलं आहे, म्हणून आणखी एक सावधगिरी. द्रावकात पाण्याचा अंश असेल आणि अमाइन आम्लारीसारखं वागलं, तर हायड्रॉक्साइड सरळ सीओच्या कार्बनवर हल्ला करतो, कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि लोहावर हायड्रोजन येतो. ही वॉल्टर हीबर यांची अभिक्रिया. १९३१ मध्ये त्यांनी यातूनच लोहाचा डायहायड्राइड टेट्राकार्बोनिल मिळवला, आणि संक्रमण धातूला थेट हायड्रोजन जोडलेलं पहिलं संयुग ते हेच. तुमच्या फ्लास्कमध्ये याची खूण म्हणजे द्रावण गडद लाल होणं. तीन लोहांचा हायड्राइड ऋणायन तयार झाला की असा रंग येतो. लाल रंग म्हणजे लिगंड जोडला गेला, अशी नोंद घाईने करू नका. आधी आयआर काढा. उदासीन एक-लिगंड संयुगाचे पट्टे १८८० ते २०५०च्या दरम्यान येतात. ऋणायनाचे त्याहून खाली सरकलेले असतील.

या रेणूचा अभ्यास जुनाट आहे का, असंही तुम्ही शेवटी विचारलंत. नाही. हायड्रोजनेज नावाची विकरं (एन्झाइम) जिवाणूंमध्ये हायड्रोजन बनवतात आणि वापरतात. त्यांच्यातल्या एका गटाच्या केंद्रात दोन लोह असतात, त्यांवर सीओ आणि सायनाइड, मध्ये गंधकाचे पूल. १९९८च्या सुमाराला स्फटिकरचना आल्या तेव्हा कार्बोनिल रसायनाच्या लोकांना तो गाभा ओळखीचा वाटला, कारण जवळपास तसाच सहा सीओंचा, गंधकाच्या पुलांचा द्विलोह रेणू रायलेन यांनी १९२९ मध्येच बनवला होता. आपल्याकडे पवईच्या आयआयटीत प्रदीप माथूर यांनी गंधक, सेलेनियम, टेल्युरियम असलेल्या लोह कार्बोनिल समूहांवर दीर्घ काम केलं आहे. तुमचा प्रकल्प पुढे नेताना त्यांचे शोधनिबंध जरूर शोधा.

आणि त्या विकरात तुमच्या एनएमआरमधल्या गोष्टीशी नातं असलेलं काही घडतं. एका लोहावरचे लिगंड फिरलेले असतात, एक सीओ दोन लोहांच्या मध्ये पुलासारखा येतो, आणि त्यामुळे मोकळ्या झालेल्या जागेवर हायड्रोजन बसतो. विकराच्या गाभ्याच्या प्रयोगशाळेत बनवलेल्या साध्या प्रतिकृतींना हा फिरलेला आकार आपणहून टिकवता येत नाही. अवजड लिगंड लावून तो कसा रोखायचा, हा गेल्या दोन दशकांतला मोठा प्रश्न राहिला आहे.

प्रबंधासाठी एवढं करा. आयआर हेक्झेनमध्येच काढा, डायक्लोरोमिथेनमध्ये पट्टे रुंद होऊन दोघांतली दरी बुजते. सेल पूर्ण कोरडा घ्या आणि विभेदन १ सेमी⁻¹ ठेवा. एनएमआरची सरासरी, ८०० हर्ट्‌झचं गणित आणि ४० केल्विनचा आकडा एका परिच्छेदात मांडा. मग कोणी परीक्षक "दोन रेघा कुठे आहेत" असं विचारेल तेव्हा सीओचा अक्षावरून मधल्या पातळीत जाण्याचा मार्ग फळ्यावर काढून दाखवा. स्थिर राहणाऱ्या सीओपासून सुरुवात करा, म्हणजे चित्र चुकत नाही.